गॅलरीत कबुतरं येऊ नयेत म्हणून: घरटं तपासण्यापासून जाळी ताणण्यापर्यंत, योग्य क्रमाने

कबुतरांनी गॅलरी घाण केली की बहुतेक घरांतून पहिला फोन जाळीवाल्याला जातो. तो दुसऱ्या दिवशी येतो, दोन तासांत जाळी मारून पैसे घेऊन जातो. चार दिवसांनी एसीच्या युनिटमागून वास यायला लागतो. मागे पिल्लं होती, ती आत कोंडली गेली आणि त्यांची आई बाहेरून जाळीवर धडका देत राहिली. दुसऱ्या एखाद्या घरी पाइपाजवळच्या कोपऱ्यात चार बोटं फट राहते. कबूतर तिथून आत शिरतं, पण त्याला बाहेरची वाट सापडत नाही. तिसऱ्या घरी जाळी नको म्हणून जुन्या सीड्या टांगतात, प्लास्टिकचं घुबड आणून ठेवतात, आणि आठवड्याभरात कबुतरं त्या घुबडाच्या डोक्यावर बसायला लागतात.

या तिन्ही घरांत खर्च झालेला असतो, मेहनतही झालेली असते. चुकतो तो क्रम. आधी कोण कशासाठी येतंय ते बघायचं, मग घरटं तपासायचं, मग ओली सफाई, मग खाणंपाणी बंद आणि सगळ्यात शेवटी अडथळा. मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या फ्लॅटची गॅलरी डोळ्यांसमोर ठेवून पुढचे टप्पे लिहिले आहेत. बंगल्याच्या ओसरीलाही थोड्या फरकाने तेच लागू पडतात.

## टप्पा 1: दोन-तीन दिवस नुसतं बघा

कबूतर तीन कारणांनी येतं: घटकाभर टेकायला, रात्रीच्या मुक्कामाला किंवा घरटं करायला. तिन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून हा टप्पा गाळू नका.

कठड्यावर आणि त्याच्या बरोबर खाली शिटेचे विखुरलेले ठिपके असतील, तर ती टेकायची जागा आहे. एकाच जागी ढीग साचत असेल आणि अंधार पडताना तिथे पक्षी बसलेला दिसत असेल, तर मुक्काम आहे. आणि चोचीत एक-एक काडी घेऊन पक्षी पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात जात असेल, नर मान फुगवून घुमत गोल गोल फिरत असेल, तर घरट्याची तयारी चालू आहे. कबूतर एका खेपेला एकच काडी आणतं. त्यामुळे सकाळी चहा घेताना दहा मिनिटं बघितलं तरी कोपरा नेमका कुठला ते कळतं.

टेकणाऱ्या कबुतराला हलकी अडचण केली तरी ते जागा बदलतं. एकदा घरटं केलेली जोडी मात्र सहज हटत नाही. ती जागा तिच्या डोक्यात पक्की झालेली असते, आणि तिथे पूर्ण बंदोबस्तच लागतो.

इथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या: येणारा पक्षी खरंच कबूतर आहे ना? कुंडीतल्या झाडात किंवा टांगलेल्या वेलीत वाटीसारखं नीटनेटकं घरटं दिसलं, तर ते बहुधा बुलबुलाचं असतं. साधारण महिनाभरात त्याची पिल्लं उडून जातात. तेवढे दिवस त्या झाडाला सांभाळून पाणी घाला, बाकी काही करू नका. चिमण्यांना तर हाकलायचं काही कारणच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर कावळा डोक्यावर झेपावत असेल, तर जवळच्या झाडावर त्याची पिल्लं आहेत असं समजा. तोही त्रास थोड्या आठवड्यांचा असतो.

## टप्पा 2: घरटं, अंडी, पिल्लं तपासा

लोक हाच टप्पा सर्रास गाळतात आणि सगळ्यात वाईट परिणामही याचेच होतात.

बघायच्या जागा: एसीच्या बाहेरच्या युनिटची मागची बाजू आणि वरचा भाग, वापरात नसलेल्या कुंड्या, गॅलरीतल्या कपाटाचं डोकं, ग्रिलच्या तळाशी ठेवलेले पाट-फळ्या, खिडकीवरचा छज्जा, गीझरची हवा जायला ठेवलेलं भोक, आणि जुन्या सायकलीमागचा किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यामागचा कोपरा. हात पोचत नसेल, तर मोबाइलचा कॅमेरा सेल्फीच्या काठीवर लावून व्हिडिओ काढा. बाहेर वाकू नका.

कबुतराचं घरटं म्हणजे कारागिरी नव्हे. दहा-पंधरा काड्या, केरसुणीचे दोन हीर, एखादा वायरीचा तुकडा, एवढ्यावर भागतं. पिल्लं वाढतात तशी त्यांची शीट कडेला साचून वाळत जाते आणि त्याचीच टणक परात तयार होते. आत साधारण दोन पांढरी अंडी असतात. पिल्लू पिवळसर लवीचं आणि अंगाच्या मानाने मोठ्या चोचीचं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते कबुतराचं वाटतच नाही.

आता निर्णय घ्या:

नुसत्या काड्या आहेत, अंडी नाहीत. लगेच काढा आणि सलग आठवडाभर रोज काढत राहा. एक दिवस सुटला तरी जोडी पुन्हा जोमाने कामाला लागते.

अंडी किंवा पिल्लं आहेत. थांबा. अंडी उबवायला साधारण 17 ते 19 दिवस लागतात आणि त्यानंतर पिल्लू उडायला सुमारे महिना. म्हणजे अंडी घातल्यापासून जास्तीत जास्त सात आठवडे. तेवढा वेळ त्या कोपऱ्याला हात लावू नका आणि बाकीच्या गॅलरीची तयारी करा. नर आणि मादी पाळीपाळीने उबवतात. सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत बहुतेक नर बसलेला असतो. म्हणून ‘आई दिसत नाही, पिल्लं सोडून गेली’ असं घाईने ठरवू नका.

पिल्लं उडाली. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी घरटं काढा. पहिली पिल्लं अजून घरट्यात असतानाच मादी पुढची अंडी घालू शकते. आपल्याकडच्या हवेत कबुतरं जवळपास वर्षभर अंडी घालतात. ‘सीझन संपला की बघू’ म्हणून थांबलात, तर तो संपणार नाही.

> सावधान: पक्ष्याला कोंडून किंवा उपाशी ठेवून मारणं ही प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. विष घातलेले दाणे, गुलेल, छऱ्याची बंदूक यांचा विचारही करू नका.

## टप्पा 3: परवानगी आणि सामान

फ्लॅट स्वतःचा असला, तरी इमारतीची बाहेरची भिंत सोसायटीची असते. भोकं पाडण्याआधी कमिटीला अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. बऱ्याच सोसायट्यांनी जाळीचा रंग आणि ती कठड्याच्या आत लावायची की बाहेर, हे ठरवून दिलेलं असतं. भाड्याने राहत असाल, तर घरमालकाला आधी विचारा. डिपॉझिटमधून भोकं बुजवण्याचे पैसे कापले जाण्याचं भांडण मग होत नाही.

सफाईसाठी लागेल ते: एन-95 मास्क, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, चश्मा, टाकून देता येतील असे जुने कपडे, फवाऱ्याची बाटली, बादली, कपडे धुण्याचं साबणपाणी, रंगारी वापरतात ती खरवडायची पट्टी, ताठ ब्रश, जाड काळ्या पिशव्या. जाळीचं सामान टप्पा 7 मध्ये येईल. ते आताच आणून ठेवू नका; अडथळा कुठला हेच अजून ठरलेलं नाही.

## टप्पा 4: ओली सफाई

वाळलेल्या शिटेवर झाडू मारणं ही घरोघरी होणारी चूक आहे. तिची बारीक धूळ हवेत उडते आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाते. तिच्यातून बुरशीचे आणि जिवाणूंचे आजार होऊ शकतात. शिवाय पक्ष्यांची पिसं आणि विष्ठा यांचा संपर्क वर्षानुवर्षं राहिला, तर काही जणांना फुप्फुसाच्या सुजेचा एक ॲलर्जीचा आजार जडतो. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात. तो वेळेवर लक्षात आला नाही, तर फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात. म्हणून घरात दम्याचा पेशंट, लहान मूल, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल, तर हे काम त्यांनी करू नये आणि काम चालू असताना गॅलरीच्या खोलीतही थांबू नये.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. हे काम घरकामाच्या मावशींवर ढकलू नका. त्यांना मास्क आणि हातमोजे न देता ‘जरा गॅलरी झाडून घ्या’ म्हणणं म्हणजे आपला धोका त्यांच्या छातीत घालणं आहे.

क्रम असा ठेवा:

1. घरातलं गॅलरीचं दार आणि शेजारच्या खिडक्या बंद करा. पंखा, एसी बंद. वाळत घातलेले कपडे आत घ्या. खालच्या मजल्यावर सांगून ठेवा.
2. फवाऱ्याने साबणपाणी मारून सगळी शीट भिजवा. जोराची धार नको. तिच्याने तुषार आणि धूळ दोन्ही उडतात.
3. पंधरा-वीस मिनिटं थांबा. थर जाड असेल, तर पुन्हा भिजवा. पट्टी टेकवल्यावर ओल्या मातीसारखा लगदा सुटला पाहिजे. कोरडा चुरा पडला, तर अजून भिजलेलं नाही.
4. लगदा पट्टीने काढून पिशवीत भरा. घरटंही भिजवूनच उचला. पिशवी बांधून दुसऱ्या पिशवीत घाला.
5. फरशी, कठडा, ग्रिल साबणाने घासा. पाणी बादलीत निपटा. गॅलरीच्या भोकातून खाली सोडलेलं पाणी खालच्यांच्या तुळशीवर पडतं.
6. सगळं धुऊन झाल्यावर, आणि तेव्हाच, जंतुनाशक लावा.
7. मास्क सगळ्यात शेवटी काढा. कपडे वेगळे धुवा, आंघोळ करा.

> सावधान: ब्लीच थेट शिटेच्या ढिगावर ओतू नका, आणि ते संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीच मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतात, आणि बंद गॅलरीत त्यांना जायला वाट नसते.

घरट्यात बारीक किडे असतात. पक्षी गेला की ते रक्तासाठी घरात, गादीपर्यंत येतात आणि अंगावर खाजरे फोड उठतात. म्हणून रिकामं घरटं ‘नंतर काढू’ म्हणून ठेवू नका. फटी साबणाच्या कडकडीत पाण्याने घासा. त्रास तरीही राहिला, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला ‘कबुतराच्या घरट्यातले किडे’ असं स्पष्ट सांगून बोलवा. नाहीतर तो ढेकणांचं औषध मारून जाईल.

> तपासा: गॅलरी पूर्ण वाळल्यावर कुठे वास येतोय का? येत असेल, तर एक घरटं नजरेतून सुटलं आहे. टप्पा 2 च्या यादीतल्या जागा पुन्हा बघा.

## टप्पा 5: खाणं, पाणी, आडोसा बंद करा

कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी, उन्हात वाळत घातलेले गहू-तांदूळ, चिमण्यांसाठी ठेवलेली ताटली, सगळं थांबवा किंवा झाका. चिमण्यांना द्यायचंच असेल, तर बारीक तोंडाचं टांगतं भांडं ठेवा, म्हणजे कबुतराला बसायला जागा मिळत नाही. खाली सांडलेलं मात्र रोज उचला.

अडगळ काढा. रिकाम्या कुंड्या उलट्या करून ठेवा. सायकल, खोकी, मोडकी खुर्ची यांच्यामागचा काळोखा कोपरा कबुतराला डोंगरकपारीसारखा वाटतो. रानातलं हे कड्याकपारीत राहणारं पाखरू आहे, आपले छज्जे म्हणजे त्याला कडेच.

वरच्या किंवा बाजूच्या घरातून कोणी दाणे टाकत असेल, तर तुमची जाळी कितीही चांगली असली, तरी इमारतीवरची कबुतरं कमी होणार नाहीत. ती तुमच्याकडून उठून शेजाऱ्याकडे बसतील, एवढाच फरक. आधी स्वतः जाऊन बोला. घरात आजारी माणूस असेल, तर ते सांगा. श्रद्धेने दाणे टाकणारा माणूस दमदाटीने थांबत नाही, पण शेजारच्या आजोबांचा खोकला ऐकून थांबतो. नाहीच जमलं, तर विषय सोसायटीच्या सभेत लेखी घ्या. मुंबईत नेमून न दिलेल्या सार्वजनिक जागी पक्ष्यांना खायला घालणाऱ्याला महापालिका 500 रुपये दंड करते, आणि 2025 मध्ये कबुतरखान्यांचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

## टप्पा 6: जागेप्रमाणे अडथळा निवडा

सगळीकडे जाळी लागतेच असं नाही.

अरुंद कठडा किंवा ग्रिलचा आडवा पाइप, जिथे पक्षी फक्त टेकतो: पाइपाच्या वर दोन-अडीच इंचांवर एक बारीक स्टीलची तार ताणून बांधा. पक्ष्याला तोल सांभाळता येत नाही आणि तो जागा सोडतो. तार सैल पडली की उपयोग संपला.

छज्जा, कपाटाचं डोकं: वर तिरकी फळी किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवा. उतार किमान 45 अंशांचा हवा. त्याहून जास्त उभा मिळाला तर उत्तम. फळीच्या दोन्ही टोकांकडच्या फटी बंद करा, नाहीतर फळीखालीच छान बंदिस्त घरटं होतं.

काटे: स्पाइक म्हणून मिळतात ते फक्त टेकायच्या जागी. जिथे घरटं होतं तिथे काटे लावू नका, कारण काड्या काट्यांत अडकून उलट घरट्याला पाया मिळतो. लावलेच, तर पूर्ण रुंदी भरेल असे लावा. कडेला दोन बोटं मोकळी राहिली, तर कबूतर तिथे आरामात बसतं. सिलिकॉनने चिकटवण्याआधी पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ हवा. शिटेच्या थरावर चिकटवलेली पट्टी पहिल्या पावसात खाली रस्त्यावर पडते.

मुक्काम किंवा घरटं असलेली गॅलरी: पूर्ण जाळी. दुसरा उपाय शोधत वेळ घालवू नका.

काही गोष्टी टाळाच. चिकट जेलमध्ये चिमण्या आणि सूर्यपक्षी अडकून पंख गमावतात. डांबरगोळ्यांची वाफ घरातल्या माणसांनाही घातक असते. अल्ट्रासॉनिक यंत्रांवर पैसे घालू नका; त्यांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही तसा कबुतरालाही येत नाही. चकाकत्या पट्ट्या आणि घुबडं थोडे दिवस चालतात, मग पक्षी सरावतो. जाळी लागेपर्यंतच्या दिवसांपुरता त्यांचा उपयोग करा आणि जागा रोज बदला.

## टप्पा 7: जाळी लावणे

जाळी कशी घ्यावी. कबुतरांसाठी 50 मिलिमीटरपर्यंतचं भोक चालतं. त्याहून मोठं नको. साहित्य नायलॉन किंवा एचडीपीई (एक टणक प्लास्टिक), उन्हाला टिकणारं, यूव्ही प्रक्रिया केलेलं घ्या. पारदर्शक नायलॉन डोळ्यांना खुपत नाही. विणलेली काळी किंवा हिरवी एचडीपीई दिसते जास्त. रोपवाटिकेतली हिरवी शेडनेट या कामाची नाही: ती वारा अडवते, फुगते आणि हुकातून निसटते.

हुक, तार आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. समुद्राजवळ जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे, हुक लवकर गंजतात आणि भिंतीवर तांबडे ओघळ उतरतात. केबल टाय काळे, यूव्हीला टिकणारे घ्या. पांढरे टाय उन्हाने ठिसूळ होतात.

माप. गॅलरीचं तोंड कठड्याच्या वरपासून न मोजता जमिनीपासून छतापर्यंत मोजा, कारण ग्रिलच्या गजांमधूनही कबूतर येतं. समजा तोंड 10 फूट रुंद आणि 8 फूट उंच आहे. चारही बाजूंनी अर्धा फूट धरून जाळी 11 बाय 9 फूट कापायची. परिघ 36 फूट, दर फुटाला एक हुक, म्हणजे 36 हुक आणि वर पाच-सहा जादा. जाळीवाल्याने ‘सहा-आठ हुकांत बसते’ म्हटलं, तर त्याला हे गणित दाखवा. जाळीचा भाव चौरस फुटाने ठरतो. हुक, तार आणि मजुरी त्यात धरलीय का ते आधी विचारा.

लावण्याचा क्रम.

1. जोडीला एक माणूस हवाच. तिसऱ्या मजल्याच्या वर, किंवा कठडा कमरेहून खाली असेल तर, स्वतः लावू नका. सेफ्टी बेल्ट बांधून काम करणारा माणूस बोलवा, आणि तो बेल्ट आणत नसेल तर त्याला परत पाठवा. कठड्याजवळ स्टूल ठेवून त्यावर उभं राहायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.
2. हुकांच्या खुणा पेन्सिलने करा. भिंतीच्या कडेपासून दोन इंच आत; कडेलगत ड्रिल केलं की प्लास्टरचा तुकडा सुटून खाली जातो. टाइलवर आधी मास्किंग टेप चिकटवा आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा.
3. भोकातली धूळ फुंकून काढा, गिट्टी (हुक धरून ठेवणारा प्लास्टिकचा प्लग) पूर्ण आत बसवा, हुक पिळा. प्रत्येक हुक हाताने जोर लावून ओढून बघा. हलला, तर तो नुसत्या प्लास्टरमध्ये आहे, जागा बदला.
4. हुकांमधून चारही बाजूंनी तार ओवून ताणा. लांब बाजूला तार कसायचा टर्नबकल लावा, म्हणजे पुढे सैल पडली तर पिळून घट्ट करता येते.
5. जाळी आधी वरच्या दोन कोपऱ्यांना अडकवा, मग वरची पूर्ण कड. नंतर बाजू, शेवटी तळ. तळ आधी बांधला की वर झोळ येतो आणि झोळात पक्षी गुरफटतो.
6. दर तीन-चार इंचांवर टाय लावा. वाढीव जाळी आत दुमडून बांधा, लगेच कापून टाकू नका.
7. एका बाजूला फूट-दीड फुटाचा उघडता येणारा भाग ठेवा. एसी दुरुस्ती, ग्रिल पुसणं आणि चुकून आत आलेला पक्षी बाहेर सोडणं, तिन्हींसाठी तो लागतो. आग लागली, तर काही घरांना गॅलरी हीच सुटकेची वाट असते, म्हणून एक कात्री दाराजवळ खिळ्याला टांगून ठेवा.

> तपासा: बांधून झाल्यावर मूठ वळून सगळ्या कडेने फिरवा. जिथे मूठ आत जाते तिथून कबूतर येणार. पावसाच्या पाण्याचा पाइप, एसीच्या नळ्या, ग्रिलचे वाकलेले कोपरे आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचे हुक, फटी बहुतेक इथेच सापडतात.

> सावधान: ही कबुतरांची जाळी आहे, मुलांच्या सुरक्षेची नाही. तिच्या भरवशावर लहान मुलाला गॅलरीत एकटं सोडू नका. मुलांसाठी वेगळी, वजन पेलणारी जाळी किंवा ग्रिल लागते.

पारदर्शक जाळी पक्ष्याला दिसत नाही. पहिले आठ-दहा दिवस तिच्यावर कापडाच्या पांढऱ्या चिंध्या बांधून ठेवा, म्हणजे सवयीने येणारं कबूतर वेगात आपटणार नाही.

## टप्पा 8: एसीचं युनिट आणि डक्ट

एसीचं युनिट गॅलरीच्या बाहेर टांगलेलं असेल, तर त्याला वेगळी पेटीसारखी जाळी लागते. पंख्याच्या बाजूने जाळी किमान अर्धा फूट लांब ठेवा. चिकटवून बांधली की हवा कोंडते आणि थंडावा कमी होतो. भिंत आणि युनिट यांच्यामधली फट फळी ठोकून बंद करू नका, मागची कॉइल तिथूनच हवा घेते. तिथेही जाळीच. काम सर्व्हिसिंगच्या दिवशी करा, म्हणजे मेकॅनिक आधी मागचं घरटं आणि नळ्यांचं कुरतडलेलं फोम बघून घेईल. हा माणूसही बाहेर बेल्टशिवाय उतरणार नाही, हे बघणं तुमचं काम.

बाथरूमच्या खिडक्या उघडतात ती डक्ट सोसायटीच्या सामाईक जागेत येते. एका घराने आपली खिडकी झाकून तिथला प्रश्न सुटत नाही. वरून गच्चीच्या पातळीला आणि खालून, दोन्हीकडे जाळी लागते. तीही आतली घरटी रिकामी झाल्यावरच, नाहीतर अख्ख्या डक्टमध्ये पक्षी कोंडून मरतात. त्यासाठी कमिटीला पत्र द्या, आणि लिफ्टची मशिनरूम, जिन्याच्या फुटक्या काचा आणि पाण्याच्या टाकीचं झाकण हेही त्याच पत्रात लिहा.

## टप्पा 9: पहिला पंधरवडा आणि पुढची देखभाल

जाळी लागल्यावर जुनी जोडी रोज येऊन कडेने चालत फट शोधते. हे चांगलं आहे. ती जिथे पुन्हा पुन्हा चोच मारते तिथे जाऊन बघा, तुमच्या नजरेतून सुटलेली फट तिथेच असेल.

पक्षी आत अडकला, तर आरडाओरडा करू नका. खोलीतला दिवा घालवा, घराचं दार बंद करा, जाळीचा उघडता भाग मोकळा करा आणि दूर व्हा. प्रकाशाकडे तो आपोआप जातो. पाय किंवा पंख धाग्यात गुंतला असेल, तर अंगावर जाड टॉवेल टाकून पक्षी धरा, ओढू नका, जाळीचा धागा कापा. जखमी असेल, तर हवा जाणाऱ्या खोक्यात काळोखात ठेवून जवळच्या पशुवैद्याकडे न्या. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात पक्ष्यांवरही उपचार होतात.

महिन्यातून एकदा टर्नबकल आणि हुक तपासा. संक्रांतीनंतर जाळीत अडकलेला मांजा मुद्दाम शोधून कापून काढा. त्यात घार-वटवाघळांचे पंख चिरतात. मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, ठिसूळ झालेले टाय बदला, आणि गणपतीनंतर ऊन पडलं की पुन्हा एक फेरी. धागा बोटाने चोळल्यावर पांढरी पूड निघाली, तर जाळी उन्हाने संपली आहे. ठिगळं न लावता पूर्ण जाळी बदला. हुक आणि तार शाबूत असतील, तर त्यांच्यावरच नवी जाळी बसते. मात्र जुनी सोडवण्याआधी एसीमागे एकदा डोकावून बघा.